ऐरोलीच्या खाडीत रोहित बघायला जायचंय? आधी तिथी बघा, मग वार

पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या बोटीत चौदा माणसं होती आणि खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, शून्य. रविवार होता, सगळ्यांना आरामात उठून नाश्ता करून निघायचं होतं, म्हणून साडेबाराची फेरी घेतली. खाडी अशी तुडुंब भरलेली की तिवरांचे नुसते शेंडे पाण्यावर. चिखलाचा एक पट्टा दिसेना, मग पक्षी कुठून दिसणार? माझ्या नणदेने डब्यातल्या पुऱ्या काढल्या आणि म्हणाली, "वहिनी, पाणी मात्र छान दाखवलंस हं."

उतरल्यावर जेट्टीपाशी जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळीकाकांना विचारलं, की एवढे हजारो पक्षी म्हणतात ते आहेत कुठे. ते हसले. "ताई, पाणी चढलं की पाखरू जागा सोडतं. तुम्ही कॅलेंडरात रविवार बघितला, तिथी कुठं बघितली?"

तेव्हापासून गेली काही वर्षं दर हिवाळ्यात-उन्हाळ्यात एक-दोनदा सहा-सात जणांना घेऊन जाते. भिशीतल्या मैत्रिणी, भाचरं, एकदा तर सोसायटीतले तीन आजोबा. पुन्हा कधी रिकाम्या हाताने आले नाही. हा सगळा दिवस कसा बांधायचा ते खाली सांगते. ठाण्याहून निघणाऱ्याच्या हिशेबाने लिहिते आहे. वाशी-पनवेलच्या लोकांनी लोकलची दिशा तेवढी उलटी करायची.

आधी हे समजून घ्या : पक्षी पाण्यावर नसतात, चिखलावर असतात

रोहित पोहायला येत नाही, चरायला येतो. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडला की त्या ओल्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव तो चोचीने गाळून खातो. लहान रोहित (ही वेगळी जात, पिल्लं नव्हेत), म्हणजे आपल्याकडे ज्यांचे मोठे थवे दिसतात ते, मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ खातात आणि त्यातल्याच रंगद्रव्याने गुलाबी होतात. पिल्लं सुरुवातीला राखाडी असतात, म्हणून थव्यात मळकट रंगाचे दिसले तर ते वेगळ्या जातीचे समजू नका.

पाणी चढायला लागलं की चिखलाचा पट्टा आक्रसत जातो. पक्षी मागे मागे सरकतात, दाटीवाटीने उभे राहतात, आणि पाय टेकेनासे झाले की उडून सीवूड्स-नेरूळच्या तळ्यांकडे जातात. पूर्ण भरतीला खाडी रिकामी. पूर्ण ओहोटीला पक्षी भरपूर, पण बोट चालायला पाणी नाही. बोट काढलीच तर गाळात रुतेल. म्हणजे आपल्याला हवी ती मधली वेळ : बोटीखाली पुरेसं पाणी आणि कडेला अजून चिखल उघडा. रोज अशा वेळा येतात, भरती भरत असताना आणि ओसरत असताना. प्रत्येक वेळ फार तर दीड-दोन तासांची. सहलीचं बाकी सगळं, उठण्यापासून जेवणापर्यंत, या दीड-दोन तासांभोवती बांधायचं.

पाऊणकीचा हिशेब

कोळीकाकांनी मला शिकवलेला हिशेब कोकणात बऱ्याच घरांत माहीत असतो. तिथीचा आकडा घ्यायचा, तीनने गुणायचा, चारने भागायचा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीची दोन्ही. शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच. अमावास्या आणि पौर्णिमा दोन्ही पंधरा धरायच्या.

चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. भरती तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. चतुर्दशीला साडेदहा. भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी.

हा अंदाज आहे. पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय मुंबई बंदराच्या तोंडाशी भरती होते त्यापेक्षा ऐरोलीपर्यंत आत पाणी पोचायला जरा जास्त वेळ लागतो. त्यामुळे पाऊणकीने तारीख हेरायची आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून पक्की करायची. ही कोष्टकं मोबाइलवर सहज मिळतात. 'मुंबई, अपोलो बंदर' अशी जागा निवडा.

आता हा हिशेब आपल्या कामी कसा लावायचा :

द्वादशी ते अमावास्या किंवा पौर्णिमा हा माझा आवडता काळ. भरती सकाळी नऊ ते सव्वाअकरा-साडेअकराच्या दरम्यान. तिच्या दोन-अडीच तास आधीची फेरी घ्यायची. कोवळं ऊन, चढतं पाणी, आणि पक्षी आक्रसलेल्या चिखलावर खच्चून भरलेले. द्वादशीला मात्र ही वेळ भल्या पहाटे येते, म्हणून माझा कल त्रयोदशी-चतुर्दशीकडे.

नवमी-दशमीला भरती सकाळी सात-साडेसातला होऊन जाते. अशा दिवशी साडेनऊच्या सुमाराची फेरी घ्या. पाणी उतरत असतं, चिखल उघडा पडत असतो आणि पक्षी परत येत असतात. थवे आकाशातून उतरताना बघायचे असतील तर हेच दिवस.

पंचमी-षष्ठीला दुपारी पावणेचार ते साडेचारला भरती. मग संध्याकाळची फेरी, उतरत्या उन्हात. फोटो काढणाऱ्यांना हे आवडतं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र दुपारची चारची जेट्टी म्हणजे तवा.

सप्तमी-अष्टमी टाळा. भर दुपारी ओहोटी येते, बोट निघण्याजोगं पाणी फक्त अगदी पहाटे किंवा अगदी दिवेलागणीला. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची चढ-उतार कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी झपाट्याने चढतं आणि झपाट्याने उतरतं. उधाणाच्या दिवशी फेरी अर्ध्या तासाने हुकली तरी दृश्य बदललेलं असतं, एवढं लक्षात ठेवा.

आमची ती पहिली सहल? पौर्णिमेनंतरची प्रतिपदा. एक त्रिक तीन, भागिले चार, पाऊण. बरोब्बर पाऊण वाजता पूर्ण भरती. आम्ही साडेबाराला बोटीत बसलो होतो.

महिना कोणता

दिवाळीनंतर यायला लागतात, पावसाची चाहूल लागली की जातात. यातले बरेच कच्छच्या रणाकडून येतात, तिथे त्यांची वीण होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संख्या बेताची. जानेवारीअखेर ते एप्रिल हे खरे दिवस. मे महिन्यात पक्षी असतात, पण माणसं टिकत नाहीत. पावसाळ्यात बोटी बंद.

आजोबा मंडळींनी नेमकं विचारलं होतं म्हणून सांगते : ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन, बाकी पाणी आणि चिखल. ऑगस्ट २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतरचं महाराष्ट्रातलं तिसरं. २०१९ च्या गणनेत इथे लाखाहून जास्त रोहित मोजले गेले होते. एका बाजूला भांडुप-कांजूरची मिठागरं, दुसऱ्या बाजूला ऐरोली-घणसोलीचे टॉवर, डोक्यावर विजेच्या तारा, आणि मध्ये हे.

किती जण

सहा. फार तर सात. हा आकडा मी रिक्षावरून काढला आहे. एका रिक्षात तीन, म्हणजे दोन रिक्षांत सहा. सातवा आला की तिसरी रिक्षा शोधणं आलं, आणि ऐरोली स्टेशनबाहेर सकाळी तिसरी रिक्षा मिळेपर्यंत पहिल्या दोन पोचून चहा संपवतात. चौदांची सहल तर मी पुन्हा करणार नाही. एवढी माणसं बोटीत बोलतातच, कितीही डोळे वटारले तरी.

गट जमवताना एक गोष्ट आधीच सांगून टाकते : हे लोणावळा नाही. गाणी नाहीत, बोटीत खाणं नाही, पाण्यात पाय सोडायचे नाहीत. हे ऐकून जे गळतात ते गळू द्यावेत. आणि पैसे आधी. आमच्या ग्रुपवर नियमच आहे, ज्याने जीपे केलं त्याचंच नाव यादीत. 'मी बघते, सांगते' असं म्हणणारीसाठी जागा अडवून ठेवू नका.

लहान मुलं सहा-सात वर्षांच्या पुढची असली तर मजा घेतात. गुडघेदुखीवाल्यांना बोटीत चढता-उतरताना एक मोठं पाऊल टाकावं लागतं. पाणी जितकं खाली, तितकं पाऊल मोठं. त्यांना हात द्यायला एक माणूस आधीच नेमून ठेवा.

बुकिंग

फेऱ्या ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातून निघतात. केंद्र वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या अखत्यारीत आहे, सेक्टर १० मध्ये, खाडीच्या काठाला. सोमवारी बंद. बुकिंग ऑनलाइन होतं आणि फेरीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, त्यामुळे मागच्या महिन्यात कुणी नऊच्या फेरीला गेलं होतं म्हणून आपल्यालाही नऊची मिळेल असं नाही.

बुकिंगला बसताना शेजारी दोन गोष्टी ठेवा : भिंतीवरचं कालनिर्णय आणि भरतीचं कोष्टक. आधी पाऊणकीने चार-पाच तारखा काढा. मग त्या तारखांना कोणत्या फेऱ्या आहेत ते बघा. सकाळच्या भरतीचा दिवस असेल तर त्यातली सगळ्यात आधीची फेरी घ्या, भरती होऊन गेलेली असेल तर सगळ्यात शेवटची. मधली, भरतीच्या ऐन टोकाची फेरी कितीही सोयीची वाटली तरी नको. तिला जागा मात्र बऱ्याचदा शिल्लक असतात, आणि लोकांना वाटतं नशीब उघडलं.

शनिवार-रविवारच्या चांगल्या फेऱ्या हंगामात लवकर भरतात. दोन-तीन आठवडे आधी बघा. रजा टाकता येत असेल तर मंगळवार-बुधवार काढा. खाडीत आपलीच बोट असल्यासारखं वाटतं. मोठ्या आणि छोट्या अशा दोन्ही तऱ्हेच्या बोटी असतात, तेव्हा आपल्या गटाला कोणती बरी पडेल ते बुक करतानाच विचारून घ्या.

पोचायचं कसं, आणि दिव्याचा घोळ

ठाण्याला ९-१० नंबरच्या फलाटावरून ट्रान्सहार्बरची कुठलीही लोकल ऐरोलीला थांबते. दिघा गाव गेलं की ऐरोली. स्टेशनपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. रविवारी जाणार असाल तर आदल्या रात्री मेगाब्लॉकची बातमी बघा. ट्रान्सहार्बरवर ब्लॉक असला तर तो बहुधा अकराच्या पुढे असतो, म्हणजे जाताना कळत नाही आणि येताना लटकता.

मुलुंडहून येणाऱ्यांना ऐरोली पूल सरळ पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यात ऐरोलीचाही नाका आला. गाडीने येणं सोपं झालंय. पण दिवसभराच्या सहलीत गाडीवाला माणूस गाडीचाच होऊन राहतो, म्हणून मी लोकलच सांगेन.

घोळ असा : केंद्राजवळच्या गावाचं नाव दिवा. ऐरोलीतलं दिवा गाव. मध्य रेल्वेवरचं दिवा जंक्शन वेगळं, मुंब्र्याच्या पलीकडे. माझी एक डोंबिवलीची मैत्रीण 'दिव्याला भेटू' हे वाचून सरळ दिवा स्टेशनवर उतरली आणि मला फोन करून विचारू लागली, की खाडी कुठल्या बाजूला. ग्रुपवर निरोप लिहिताना 'दिवा' हा शब्दच नको. 'ऐरोली स्टेशन, तिकीट खिडकीसमोर' एवढं पुरे.

फेरीच्या अर्धा तास आधी केंद्रात असा. बोट तुमच्यासाठी थांबेल, पाणी थांबणार नाही. आत माहितीचं दालन आहे, ते फेरीनंतर बघा. स्वच्छतागृहात मात्र फेरीआधी सगळ्यांनी जाऊन यायचं. बोटीवर ती सोय नाही आणि फेरी पाऊण-एक तासाची असते.

पिशवीत काय

टोपी, पण नाडीची. खाडीवरचा वारा साधी टोपी घेऊन जातो. पाण्याची बाटली माणशी एक. कपडे मातकट, खाकी, फिकट हिरवे. पांढरेशुभ्र आणि लालभडक नकोत. पायात पट्ट्याच्या सँडल. दुर्बीण सहांत दोन असल्या तरी पुरतात, आठ बाय बेचाळीसची असेल तर उत्तम. दहापटीची दुर्बीण बोटीच्या थरथरीत कुचकामी. मोबाइलला गळ्यातली दोरी लावा. खाडीच्या चिखलात पडलेला मोबाइल कुणी काढून देत नाही.

खाडीत मोठ्या लाटा नसतात, त्यामुळे बोट लागण्याची भीती फारशी नाही. त्रास झालाच तर डिझेलच्या वासाने होतो. ज्यांना बसमध्ये उलटी होते त्यांना पुढे बसवा आणि हातात आवळासुपारी द्या.

आणि हो, वास. ओहोटीच्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. लोक लगेच नाक दाबून 'काय हे प्रदूषण' म्हणतात. खाडीत घाण सोडली जाते हे खरंच, पण हा वास मुळात चिखलाचाच. हवा न पोचणाऱ्या गाळात पानं-काटक्या कुजतात, तिथले जिवाणू तो वायू सोडतात. पाच मिनिटांत नाक सरावतं.

बोटीत बसल्यावर

लाइफ जॅकेट घालायचं, बंद लावायचे, आणि फोटोसाठी काढायचं नाही. यावर चर्चा नाही.

बोट ऐरोलीहून वाशीच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेला जाते. सकाळची फेरी असेल तर जाताना उजव्या हाताला बसा. सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि भांडुप-कांजूरच्या बाजूच्या चिखलावरचे पक्षी उन्हात उजळलेले दिसतात. डावीकडे बसलात तर सगळे पक्षी काळ्या सावल्या. संध्याकाळी याच्या उलट.

सुरुवातीची दहा मिनिटं लोकांना काहीच दिसत नाही, कारण सगळे लांब क्षितिजावर गुलाबी रेघ शोधत असतात. तेवढ्यात कडेला बघा. तिवरांच्या मुळांतून निवट्या चालत असतात. निवटी म्हणजे बोटभर मासा, पण पंखांवर रेटा देत चिखलावर सरपटतो, मध्येच टुणकन उडी मारतो, डोळे डोक्याच्या वर. मुलांना रोहितापेक्षा हीच जास्त आवडते. तिवराच्या बुंध्याभोवती पेन्सिली रोवल्यासारखी जी बोटं वर आलेली दिसतात ती त्याची श्वास घेणारी मुळं. जेट्टीजवळ तिवराचं पान हाताशी येत असेल तर न तोडता त्यावर बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट. झाडाने पाण्यातून घेतलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकलेलं असतं. कोरड्या दिवशी त्याचे कण चकाकताना दिसतात.

वाटेत खंड्या, पाणकावळे, लांब लाल पायांचे शेकाटे, शराटी भेटतात. उलट्या वळणाच्या चोचीचा काळा-पांढरा उचाट्या दिसला तर त्या दिवसाचे पैसे वसूल. ब्राह्मणी घार बहुतेक वेळा एखाद्या खुंटावर बसलेली असते, विटकरी अंग आणि पांढरं डोकं.

मग ती गुलाबी रेघ जवळ येते. आधी आवाज येतो. लांबून बदकांसारखा, जवळून शेकडो माणसं खालच्या आवाजात एकाच वेळी बोलत असल्यासारखा. दुर्बिणीतून एकच पक्षी धरा आणि त्याच्याकडेच दोन मिनिटं बघत राहा. मान खाली सोडलेली, डोकं पूर्ण उलटं, चोचीचा वरचा भाग चिखलाकडे. चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरते, गळा थरथरत असतो. पाणी आत घेणं आणि गाळून बाहेर टाकणं सतत चालू. पाय जागच्या जागी चिखल तुडवतात. लहान रोहिताची चोच गडद, लांबून जवळजवळ काळी. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं, आणि अंग जास्त पांढरट. मोठा उभा असला की लहानांच्या घोळक्यात मान काढलेला काका वाटतो.

इथेच एक गोष्ट हमखास होते. कुणीतरी म्हणतं, "दादा, जरा जवळ घ्या ना, उडवा की एकदा." करू नका, आणि आपल्या गटातल्या कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा. उडालेला थवा सुंदर दिसतो, पंखाखालचा लाल-काळा रंग फुटतो, मान्य. पण चढत्या पाण्यात त्यांना चरायला तास-दीड तासच उरलेला असतो. खूण सोपी आहे : चरणारे पक्षी एकदम माना वर करून एका दिशेने चालायला लागले, की आपण जास्त जवळ आलो. बोटवाले दादा बहुधा आधीच इंजिन मंद करतात. पाणी पुरेसं चढलं की ते आपणहून उडतातच. ती दहा-पंधरा मिनिटं आपल्या वाट्याला आली तर आली. ड्रोन आणायचा विचारही नको, हे अभयारण्य आहे.

पुढे सीवूड्सला, पक्ष्यांच्या मागोमाग

बहुतेक लोक बोटीतून उतरून घरी जातात. मला वाटतं अर्धी सहल तिथेच सोडतात. भरतीला खाडी सोडलेले थवे जातात ते नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर : टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेच्या मागची, एनआरआय कॉम्प्लेक्सची आणि डीपीएस शाळेजवळचं तळं. तेव्हा सकाळी चढत्या पाण्यातली फेरी घेतली असेल तर उतरल्यावर सरळ लोकल पकडा. पनवेलची पकडा, वाशीची नव्हे. वाशी लोकल तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते. नेरूळची मिळाली तर तिथे उतरून एक स्टेशन पुढे. सीवूड्स-दारावेला उतरून रिक्षा.

तळ्याच्या काठावरून पक्षी खाडीपेक्षा जवळ दिसतात, आणि तेही बोटीशिवाय, फुकट. इथे ते चरत कमी, झोपतात जास्त, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. तळ्यात पाणी आहे का, हे मात्र नवी मुंबईतल्या कुणा ओळखीच्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा. २०२४ साली खाडीचं पाणी आत यायची वाट अडल्याने डीपीएसचं तळं कोरडं पडलं होतं आणि पक्षी भलतीकडे भरकटले होते.

उतरत्या पाण्यातली फेरी असेल, नवमी-दशमीची, तर क्रम उलटा : भल्या सकाळी आधी सीवूड्स, मग ऐरोली.

जेवण

घरून डबा नेलात तर केंद्रातून बाहेर पडल्यावर किंवा सीवूड्सला सावली बघून खा. दशम्या, सुकी बटाट्याची भाजी, लसणाची चटणी. उन्हात दहीभात नको. पण मासे खाणारा गट असेल तर माझं मत विचारू नका, सरळ नेरूळ-बेलापूरकडच्या एखाद्या आगरी-कोळी खानावळीत जा. तांदळाची भाकरी, चिंबोरीचं कालवण, कोलंबी. कधी कधी निवट्यांचंही कालवण असतं. आमच्या भाच्याने सकाळी ज्यांना नावं दिली होती त्याच दुपारी ताटात आल्या, तेव्हा त्याने ताट सरकवलं आणि त्याच्या आईने ते खाल्लं. बेलापूरला दिवाळे गावात कोळणींचा मासळीबाजार आहे. घरी न्यायला काही घ्यायचं असेल तर बर्फाची पिशवी सोबत ठेवा.

एक दिवस, घड्याळाप्रमाणे

मागच्या चतुर्दशीचा आमचा दिवस असा गेला. पाऊणकीने साडेदहा, कोष्टकाने जरा पुढे. फेरी साडेआठची. ठाणे स्टेशनवर पावणेसात, ऐरोली सात-सव्वासात, बाहेर टपरीवर चहा आणि मस्कापाव. पावणेआठला केंद्र. साडेआठ ते साडेनऊ बोट. दहापर्यंत माहिती दालन. सव्वादहाच्या पुढची पनवेल लोकल, अकराला सीवूड्स, तळ्यावर तास-सव्वा तास. त्यानंतर ऊन असह्य होतं. साडेबाराला जेवण. तीनच्या आत ठाण्यात.

वाऱ्यामुळे किंवा बोटीच्या बिघाडाने फेरी रद्द झाली तर चिडून उपयोग नाही. भरती जवळ आली असेल तर सरळ सीवूड्स गाठा, पक्षी तिकडेच येणार असतात. ओहोटी असेल तर केंद्राच्या आवारातूनच दुर्बिणीने काय दिसतंय ते बघा, दालन बघा, आणि पुढची तारीख तिथेच बसून पाऊणकीने काढा.

घरी आल्यावर सँडल लगेच धुवा. खाडीचा चिखल ओला असताना बादलीभर पाण्यात निघतो. एकदा वाळला की सिमेंट होतो, आणि तो वास सगळ्या चपलांच्या कपाटात शिरतो. माझ्या जुन्या सँडल अजून गॅलरीतच असतात.